परत घेतलेलं विमान

इंदुमतीबाई विमानाच्या पोटाला तळहात टेकवून उभ्या होत्या; डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. त्यांची मुलगी नीलाक्षी माझ्याकडे पाहत होती आणि मी जमिनीकडे. भाद्रपदातली भर दुपार. माळावरचं गवत कमरेएवढं वाढून शेंड्यांशी पिवळं पडू लागलेलं. आणि त्या गवतात, समुद्रापासून इतक्या लांब की इथल्या म्हाताऱ्यांच्या अंगाला खारा वारा कधी शिवला नसेल, आरमाराचं एक विमान पंख मधोमध दुमडून, दुमडलेली टोकं आभाळाकडे उभी करून थांबलेलं होतं. त्याच्या नाकाडावर पांढऱ्या रंगात आकडा होता. एकोणनव्वद.

"चालू आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"आई, प्लीज."

"हात लावून बघ. आत चालू आहे."

नीलाक्षीने हात लावला नाही. मी लावला. पत्र्यातून एक बारीक, अखंड थरथर माझ्या तळव्यात चढली. कान जवळ नेला तर खूप खोलवरून, पाण्याखालून यावी तशी घरघर. मी हात काढून घेतला तो जरा घाईनेच.

शेपटीच्या बाजूने कोणी तरी खाकरलं. इथला राखणदार, तांडेल. खांद्यावर शिडी घेऊन तो गवतातून लंगडत येत होता.

"सातेरी आहे, वहिनीसाहेब," तो म्हणाला. "मधमाश्या. पोटाखाली रडारचा डेरा असायचा, त्या पोकळीत पोळं धरलंय. चावायच्या नाय. गरीब जात आहे ती."

"असेल," इंदुमतीबाई म्हणाल्या. हात तिथेच होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या काळात मी अलिझे जातीची विमानं शोधत हिंडत असे. फ्रेंचांच्या भाषेत अलिझे म्हणजे समुद्रावरून एकाच दिशेने वाहत राहणारा व्यापारी वारा. नावात वारा असलं तरी विमान तसं जडशीळ, गरोदर पोटाचं. विमानवाहू जहाजावरून उडायचं, तीन माणसं घेऊन, आणि पाण्याखालच्या पाणबुड्या हुंगत फिरायचं. नंतर हेलिकॉप्टरं आली आणि अलिझे मोडीत निघाली. जी मोडली नाहीत ती कुठे कुठे उरली: एखाद्या तळाच्या फाटकापाशी, बागेत, शेडमध्ये, कोणाच्या तरी विस्मरणात. रविवार आला की मी कॅमेरा घेऊन निघायचो. शिल्लक राहिलेल्या वस्तूंचं मला त्या वयात फार आकर्षण होतं. शिल्लक राहणं म्हणजे जिवंत असणं, असा माझा समज होता.

या माळावरची तंत्रशाळा बंद पडून काही वर्षं झाली होती. तिच्या आवारातल्या विमानाचा फोटो मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत दिला आणि त्याच आठवड्यात नीलाक्षी टिपणीस मला शोधत आली. खुर्चीवर न बसताच म्हणाली, "हे विमान असं उभं असूच शकत नाही. ते समुद्रात आहे. माझे बाबा आहेत त्यात."

लेफ्टनंट दिनकर टिपणीस. गोव्याहून सरावासाठी निघालेलं एकोणनव्वद क्रमांकाचं विमान, आभाळ स्वच्छ, आत तीन माणसं. नीलाक्षी तेव्हा तीन वर्षांची. शोध घेतला, पण पाण्यावर तेलाचा तवंगसुद्धा सापडला नाही. इंदुमतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. 'गेले असं मला कोणी दाखवलेलं नाही,' एवढंच त्या म्हणायच्या. पुढे सगळं आयुष्य त्या एका वाक्याच्या आधाराने उभं राहिलं.

"आमच्या घरात दाराला आतून कडी लावत नाहीत," नीलाक्षी म्हणाली. "मी लहानपणापासून उघड्या दाराच्या घरात झोपलेय. तुम्हाला कल्पना नाही, उदयन, ते काय असतं."

अखेर त्या वर्षी धाकट्या दिरांनी मनधरणी करून त्यांना पालाशविधीला राजी केलं होतं. ज्याचा देह मिळाला नाही त्याचा पळसाच्या पानांचा, दर्भाचा पुतळा करायचा, नाव-गोत्र उच्चारून त्याला त्या माणसाचं रूप द्यायचं आणि अग्नी द्यायचा. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्री अमावास्या धरली. नाशिकचे भटजी ठरले. आणि मग माझा फोटो छापून आला. इंदुमतीबाईंनी तो कापून देव्हाऱ्यात ठेवला आणि दिरांना कळवलं, विमान सापडलंय, आधी त्याला जाऊन विचारते.

"तुम्ही फक्त सिद्ध करा की हे ते नव्हे," नीलाक्षी म्हणाली. "बाकी काही नको. आईला मोकळं करायचंय मला. मलाही मोकळं व्हायचंय."

म्हणून अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं त्या माळावर पोचलो. फाटक उघडायला आलेल्या माणसाने आमच्यापैकी कोणालाच नाव विचारलं नाही. साठीचा, काटक, करकरीत इस्त्रीचा खाकी शर्ट, एका गुडघ्यातून वाकलेला. इंदुमतीबाईंकडे बघून तो म्हणाला, "या, वहिनीसाहेब. उशीर केलात."

तो शिवराम तांडेल. टिपणीसांच्याच स्क्वाड्रनला मेकॅनिक होता; निवृत्त झाल्यावर या शाळेत शिकवायला आला, आणि शाळा मिटली तरी राहिला.

*

शिडी विमानाला लावून त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्ही बघायला आलात ते मला माहीत आहे. घ्या. उजवा पंख आधी."

"कुठून उघडायचं तेही सांगा मग."

"ते तुम्हाला ठाऊक नसेल तर आलात कशाला, साहेब?" तो हसला. त्याचे दात फार पांढरे होते.

मला ठाऊक होतं. विमानाच्या अंगावर जागोजागी झाकणं असतात. एकाच वेळी तीन-चार विमानांची कामं निघाली की ही झाकणं एकमेकांत मिसळतात. ती मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या आतल्या अंगाला त्या विमानाचा क्रमांक रंगवून ठेवायची पद्धत आहे. बाहेरचा रंग कितीदा खरवडला, बदलला, तरी आतला आकडा सहसा तसाच राहतो.

उजव्या पंखाचं पहिलं झाकण सुटलं. मी ते उलटं केलं.

"सात," मी मोठ्याने वाचलं.

नीलाक्षीने श्वास सोडला. तिच्या आईचा हात अजून पत्र्यावरच होता.

डाव्या पंखात एकतीस निघाला. शेपटीत बारा. जहाजावर उतरताना ज्या हुकाने दोराला अडकायचं त्या शेपटीखालच्या हुकाच्या खोबणीत पुन्हा एकतीस. मी एकेक झाकण उघडत होतो, वाचत होतो, पुन्हा बसवत होतो. साक्षीदारांची नावं पुकारावीत तसा माझा आवाज त्या माळावर एकटाच फिरत होता. वारा पडला होता. तरीही पुढचा पंखा मध्येच हळूच फिरायचा, अर्धा वेढा, आणि थांबायचा.

"मधला भाग चौदाचा," तांडेल म्हणाला. "इंजिन कुणाचंच नाय. ते पोरांना शिकवायला सुटंच आलेलं. चाकं पाचव्याची, त्यांवर नंबरच नाय. पाच मुडदे होते, त्यातून एक उभं केलंय."

"आई, ऐकलंस?" नीलाक्षी पुढे झाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता, ताप उतरल्यासारखा. "सात, बारा, चौदा, एकतीस. यात एकोणनव्वदचं काही म्हणजे काही नाही. नुसता रंग आहे वरून. बाबांचं विमान नव्हे हे."

"आतून बघायचं राहिलंय," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मी शिडी चढलो. काचेचं झाकण सरकवलं तशी कोंडलेली गरम हवा तोंडावर आली. मेण, जुनं रबर आणि कसला तरी खारट दर्प. आत इंचभर धूळ. चालकाच्या खुर्चीवर चिमण्यांची विष्ठा. शेजारच्या खुर्चीचं कापड उंदरांनी कुरतडून स्प्रिंगा वर आलेल्या. आणि मागे, तिसऱ्या जागेवर, जिथे बसून रडारचा पडदा पाहत राहायचं त्या खुर्चीवर, धुळीचा कण नव्हता. कापड फाटकंच होतं, पण बसून बसून गुळगुळीत झालेलं. खांद्याचे पट्टे सुटे होऊन दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"काय दिसतंय?" खालून नीलाक्षीने विचारलं.

"इथलीही झाकणं चौदाचीच आहेत," मी म्हणालो. मग खाली वाकून तांडेलला विचारलं, "मागची खुर्ची कोण पुसतं?"

"मी पुसतो."

"शिडी चढून?"

"मग काय उडून?"

"मघाशी फाटकापाशी म्हणालात, गुडघा वर उचलता येत नाही. दोन पायऱ्यांच्या ओट्यावरसुद्धा चढत नाही म्हणालात."

तांडेलने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मग नसेन पुसत," तो म्हणाला.

मी खाली उतरलो. शिडीच्या पायऱ्यांचा रंग मधोमध झिजून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. विमानाच्या पोटातली घरघर आता मला हात न लावताही ऐकू येत होती.

*

इंदुमतीबाईंनी अखेर पत्र्यावरचा हात काढला. पदराला पुसला. मग तांडेलसमोर येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी, सावळी बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"नंबर कोणी दिला याला?"

"मी."

"का?"

तांडेलने टोपी काढली, पण पुढे तिचं काय करावं हे त्याला सुचेना.

"त्या सकाळी साहेबांचे पट्टे मी आवळले होते," तो म्हणाला. "मागच्या खुर्चीत. मला म्हणाले, तांडेल, एवढं नको रे आवळू, पोटात तीन डोसे आहेत. मी म्हटलं, साहेब, डोसे खाली पडले तर मला धुवावं लागेल. हसले. झाकण लावलं. चाकांपुढचे ओंडके काढले. अंगठा दाखवला. गेले."

इंदुमतीबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "डोसे मीच केले होते," त्या म्हणाल्या.

"आमच्यात रीत आहे, वहिनी. ज्यानं विमान पाठवलं त्यानंच ते परत घ्यायचं. त्याची ड्यूटी संपो, पाऊस पडो. विमान येतं, थांबतं. चाकांपुढे ओंडके लावायचे, शिडी लावायची, माणसं उतरली की पत्र्यावर थाप मारायची आणि म्हणायचं, परत घेतलं. मोठ्यानं. मग हात धुवायचे, मग जेवायचं. मी तिथं पट्टीवर उभाच राहिलो. रात्र झाली, उजाडलं, पुन्हा रात्र झाली. शेवटी पोरांनी उचलून नेलं. नंतर नोकरी केली, बरीच विमानं पाठवली, सगळी परत घेतली. ते एक राहिलं."

"पुढं?"

"पुढं इथं आलो. भंगारातून पाच सांगाडे आले, शिकवायला. पोरांकडून एक उभं करून घेतलं. रंगारी म्हणाला, नंबर कुठला टाकू? पाचांतला एक टाकला तर बाकीच्या चौघांवर अन्याय. मी म्हटलं, एकोणनव्वद टाक. रंग वाळला. पोरं घरी गेली. मग मी ओंडके लावले. शिडी लावली. थाप मारली."

"आणि म्हणालात."

"म्हणालो."

"मोठ्यानं?"

"तसंच म्हणायचं असतं, वहिनी."

इंदुमतीबाई विमानाकडे वळल्या. दुमडलेल्या पंखांमधून सूर्य थेट डोक्यावर आला होता. कोणाचीच सावली धड पडत नव्हती.

"म्हणजे तुम्ही पुतळा केलात," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही पळसाच्या पानांचा करणार होतो, तुम्ही पत्र्याचा केलात. नाव दिलंत, हाक मारून घेतलंत. आणि अग्नी दिला नाहीत."

"पत्रा कुठं जळतो, वहिनी."

"मग हाक तरी कशाला मारलीत?" नीलाक्षी ओरडली. इतका वेळ तिने स्वतःला आवरून धरलं होतं. "तुम्हाला कोणी अधिकार दिला? तुमचं जेवण अडलं म्हणून? आमचं काय अडलंय ते विचारायला आलात कधी? सव्वीस वर्षं ही बाई जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसते! सांगा तिला, हे खोटं आहे म्हणून. भंगार आहे म्हणून सांगा!"

"भंगारच आहे, ताई," तांडेल म्हणाला. "पाच भंगारांचं एक भंगार."

"मग झालं तर! आई, चल. काका वाट बघत असतील. रात्रीपर्यंत नाशिकला पोचू."

"थांब जरा, नीलू."

"आता काय राहिलं थांबायचं? उदयननी तुझ्यासमोर एकेक झाकण उघडलंय ना?"

"उघडलंय. हे ते विमान नव्हे, पटलं मला." इंदुमतीबाईंनी मुलीच्या मनगटावर हात ठेवला, तोच हात. नीलाक्षीचं सगळं अंग क्षणभर शहारलं, पण तिने मनगट सोडवून घेतलं नाही. "कुठल्या पत्र्याचं आहे ते मला विचारायचंच नाही आता. तांडेल."

"जी."

"मी भांडायला आलेली नाही. तुम्हीही माझ्यासारखेच उभे राहिलात, तेव्हा तुमच्यावर माझा राग नाही. उद्या अमावास्या. भटजींनी पळसाची पानं आणून ठेवलीयत. मला एकच विचारायचं आहे, त्यावर मी काय ते ठरवेन. तुम्ही परत घेतलंत म्हणता. ओंडके लावलेत. शिडी लावलीत."

"हो."

"माणसं उतरल्यावरच थाप मारायची, असं तुम्हीच आत्ता म्हणालात."

तांडेलने हातातली टोपी फिरवली.

"मग त्या दिवशी उतरलं कोण?"

माश्यांची घरघर एका लयीत चालली होती. पंखा पुन्हा अर्धा वेढा फिरला आणि थांबला.

"कोणी नाही म्हणा," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता विनवणी होती, आणि ती ऐकणं मला फार कठीण गेलं. "रिकामं होतं म्हणा. मी ऐकेन तुमचं. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही, तुमचं ऐकेन. उद्या पाटावर बसते आणि मोकळं करते त्यांना. कुंकूही तिथेच पुसते. तेवढं म्हणा फक्त."

"म्हणा ना," नीलाक्षी कुजबुजली. "काका, म्हणा ना. दोन तर शब्द आहेत."

मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो. मला आता त्या विमानाचं काही नको होतं. त्याची जात, त्याचं शिल्लक असणं, काहीच नको होतं. फक्त हा एक म्हातारा तोंड उघडून दोन शब्द म्हणू दे.

तांडेलने तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्याची नजर आमच्यावरून निघून शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर गेली आणि तिथून हळूहळू, एकेक पायरी घेत, खाली जमिनीपर्यंत आली. तो अर्धं पाऊल मागे सरला, वाट द्यायला सरावं तसा.

"तांडेल," इंदुमतीबाई म्हणाल्या.

त्याने टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट केली आणि वळला. त्याच्या खोलीकडे जाणारी पायवाट गवतातून गेली होती, दोन माणसं जेमतेम शेजारी शेजारी चालतील एवढी. तांडेल तिच्या एका कडेने चालू लागला, शेजारची जागा मोकळी सोडून.